खांबेटेबाईंचं नॉर्मल

माझ्या रक्तात प्लेटलेट्स फक्त एकतीस हजार आहेत, असं एका चकचकीत कागदावर ठळक अक्षरांत छापून आलं तो शुक्रवार होता. सोमवारी मला हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायचं होतं. प्लेटलेट्स किती असाव्या लागतात याची मला तोवर कल्पना नव्हती, पण शेजारच्या रकान्यात लिहिलं होतं, दीड लाख ते साडेचार लाख. गणित माझं बरं आहे, त्यामुळे घाबरायला वेळ लागला नाही.

कंपनीच्या डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली. "फिट म्हणून सही नाही करता येणार. आधी ॲडमिट व्हा." एचआरच्या मुलीने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं, की सोमवार संध्याकाळपर्यंत फिटनेसचा कागद आला नाही तर बॅचमधून माझं नाव निघेल, आणि पुढची बॅच कधी ते तिलाही ठाऊक नाही. ती नोकरी मिळवायला मला चौदा महिने लागले होते. चौदा महिने मी अमरावतीला फोन करून आईला "होऊन राहिलं, होऊन राहिलं" एवढंच सांगत होतो. आता काय सांगणार होतो, कपाळ?

हे सगळं निस्तरलं ते खांबेटेबाईंनी. पण आधी बाई कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

बिबवेवाडीत आम्ही राहायचो त्या इमारतीच्या तळमजल्यावर बाईंची रक्त तपासायची लॅब होती. बाहेरच्या खोलीत एक बाकडं, आतल्या खोलीत मायक्रोस्कोप. पाटीवर लॅबचं काहीतरी भारदस्त नाव होतं, पण ते कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही. रिपोर्टवर सह्या करणारे डॉक्टर संध्याकाळी स्कूटरवरून येत आणि बाईंसमोर परीक्षेला बसल्यासारखे बसत. बाई साठीच्या आसपासच्या, उंच, काटकुळ्या. सुती साडीवर पांढरा कोट, आणि उजव्या हाताची तीन बोटं कायम जांभळी. रक्त काचेवर पसरून त्याला रंग देतात, त्याचे ते डाग. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "जांभळं खाल्ली." डिसेंबर महिन्यातसुद्धा हेच उत्तर.

सकाळी सातला लॅब उघडली की पहिलं बोट बाई स्वतःचं टोचत. थेंब काचेवर घेत, पसरत, रंगवत आणि बघत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना काही दुखणं असावं. विचारलं, तर म्हणाल्या, "अहो इंगोले, ते प्रमाण. रंग नीट बसलाय का, पाणी बरं आहे का, माझे डोळे ठिकाणावर आहेत का, ते आधी माझ्या रक्तावर बघायचं. माझं रक्त मला तीस वर्षं माहीत आहे. ते नेहमीसारखं दिसलं, की मग लोकांचं."

"म्हणजे नॉर्मल काय ते तुमच्यावरून ठरतं?"

"मग काय तुमच्यावरून ठरवू?"

त्यात गर्व नव्हता हो. वजनकाट्याला वजनाचा गर्व नसतो, तसं. पण गंमत अशी, की सगळ्या बिबवेवाडीचं रक्त एका खांबेटेबाईंच्या रक्ताशी ताडून बघितलं जात होतं, आणि ते बिबवेवाडीला माहीत नव्हतं. कदाचित म्हणूनच बाई 'नॉर्मल' हा शब्द दुसऱ्या कोणाला द्यायला तयार नसत. रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस आशेने विचारायचा, "सगळं नॉर्मल आहे ना?" बाई पाकीट पुढे सरकवत म्हणायच्या, "चालेल." ही वरची श्रेणी होती. त्याहून वरची कोणाला मिळालेली नाही.

दुसरं, मोजणी. पांढऱ्या पेशी पाच प्रकारच्या असतात, आणि शंभर पेशींत कुठल्या किती ते बघायचं असतं. बाईंकडे त्यासाठी एक लोखंडी पेटी होती, टाइपरायटरसारखी, पण पाचच बटणांची. डोळे मायक्रोस्कोपला आणि बोटं पेटीवर. टक, टक, टकटक, टक. शंभर झाले की पेटीची घंटी वाजायची. घंटी वाजेपर्यंत लॅबमध्ये बोलायचं नाही. दूधवाला, पोस्टमन, सह्यांचे डॉक्टर, सगळे दारात मुके उभे. एकदा एक विमा एजंट "नमस्कार मॅडम" म्हणाला. बाईंनी मान वर केली, पेटी पुन्हा शून्यावर आणली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तो घंटीपर्यंत उभा राहिला. घंटी झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता या."

"येतो," म्हणाला आणि गेला.

सवय इतकी, की माणसांचेही त्यांनी पाच प्रकार केले होते. कुठे खुट्ट झालं की सगळ्यात आधी धावणारे ते न्यूट्रोफिल. मागून येऊन खरकटं काढणारे मोनोसाइट, आकाराने मोठे, चालीने संथ. जुना राग लक्षात ठेवणारे लिंफोसाइट. कोणाचं काही खुपलं की लाल होणारे इओसिनोफिल. आमच्या शेजारच्या सोसायटीचे चेअरमन यात. आणि बेसोफिल? "शंभरात एखादा. तो आहे म्हणतात," असं म्हणून बाई सह्यांच्या डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायच्या.

त्या काळात आमच्याकडे नवीन जमात वाढत होती, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा घालून फिरणारी. रिपोर्ट हातात पडला की आधी सायबर कॅफेत जाऊन सगळं वाचायचं आणि मग बाईंच्या बाकड्यावर येऊन मरायचं. असाच एक जण पानभर प्रिंटआउट घेऊन आला. कुठलासा आकडा मर्यादेच्या बाहेर शून्य पूर्णांक दोनने गेला होता आणि पुढे ठळक खूण होती.

"मॅडम, इट्स हाय. मी वाचलंय, धिस कॅन बी सिरियस."

"तुम्ही ऑफिसला किती वाजता पोचायचं असतं?" बाईंनी विचारलं.

"नाइन थर्टी."

"पोचता किती वाजता?"

"नाइन फॉर्टी... फॉर्टी-फाइव्ह."

"मेलात का?"

मग बाईंनी त्याला बसवून सांगितलं, की ही मर्यादा देवाने आखलेली नाही. पुष्कळ धडधाकट माणसांचं रक्त तपासतात, त्यांतले शंभरातले पंच्याण्णव जिथे बसतात तिथे रेघ मारतात. म्हणजे शंभरातले पाच धडधाकटच रेघेबाहेर राहतात. "तुम्ही त्या पाचांतले. तब्येत बरी आहे, जरा मिरवून घ्या." तो इतका खूश होऊन गेला की पट्टा बाकड्यावर विसरला.

पण सगळ्यांशी असं नाही. आमचे घरमालक तात्या मूळ बिबवेवाडीचे, ज्या शेतात गाजरं काढली त्याच शेतात ही इमारत उभी केलेली. त्यांची सून सविता जिना चढताना दर मजल्याला थांबायची. तिचं हिमोग्लोबिन सात निघालं. तात्या रिपोर्ट न्यायला आले आणि म्हणाले, "बायकांचं तसंच असतंय वो बाई. दमायची सवय हाय तिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तात्या, तुमच्या बोअरचं पाणी निम्म्यावर आलं तर काय करता?"

"प्लंबर बोलावतो की. त्यात इचारायचं काय?"

"हिच्यातलं निम्म्यावर आलंय. आणि तुम्ही म्हणता सवय आहे." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण मी बाकड्यावर बसलो होतो आणि मलाच लाज वाटली. "आजच्या आज डॉक्टरकडे न्या. दर महिन्याला माझ्याकडे आणा. नाही आणलीत तर मी वर येईन." तात्यांनी आणली. दर महिन्याला आणली. काय बिशाद होती?

आता आमच्याबद्दल. तात्यांना आम्ही सांगितलं होतं, वर दोघं राहतो. प्रत्यक्षात सहा होतो, सगळे अमरावती-अकोल्याकडचे. तात्या रोज सकाळी गेटवर खुर्ची टाकून आम्हाला मोजायचे. आम्ही घोळक्याने उतरायचो, घोळक्याने चढायचो. दोघं राहणारे, बाकी मित्र. तात्यांचा हिशोब कधी जुळला नाही. बाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात मला जिन्यात गाठलं. "सहा जण आहात."

"नाही बाई, दोघंच..."

"तात्या माणसं मोजतात. मी दोरीवरचे टॉवेल मोजते." आणि आत गेल्या. तात्यांना काही बोलल्या नाहीत.

तर तो शुक्रवार. एकतीस हजारांचा कागद घेऊन मी घरी आलो, आणि बाईंच्या दारावरून मान खाली घालून वर गेलो. आधी त्यांनाच दाखवायला हवा होता, समजत होतं. पण हिंमत झाली नाही. त्या "चालेल" म्हणाल्या नसत्या तर? वर माझ्या पाच मित्रांनी सूत्रं हाती घेतली. कोणीतरी ऐकलं होतं की पपईच्या पानांचा रस प्यायला की प्लेटलेट्स वाढतात. शेजारच्या सोसायटीत पपईचं झाड होतं. होतं म्हणतो, कारण शनिवारी सकाळी त्याला एक पान उरलं नव्हतं. बाप्पा, काय तो कडू रस! मरण आलं असतं तर ते चवीनेच. तेवढ्यात एकाने अमरावतीला फोन करून टाकला. पलीकडून आईचा आवाज आला, "काय होऊन राहिलं रे तुले? तू हालू नको, मी येऊन राहिली."

शनिवारी सकाळी मी टॉवेल, ब्रश आणि ती ऑफरची चिठ्ठी पिशवीत घालून ॲडमिट व्हायला खाली उतरलो. बाई दारात उभ्या.

"कुठे?"

मी कागद पुढे केला.

बाईंची रिपोर्ट वाचायची एक तऱ्हा होती. त्या खालून वाचायच्या. वरचे ठळक आकडे सगळेच वाचतात, खालचं कोणी वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागदाच्या तळाशी, जिथे पत्ता आणि फोन असतो त्याच्याही वर, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या एका इंग्रजी ओळीवर जांभळं बोट ठेवलं.

"हे वाचलंत? प्लेटलेट्सच्या गुठळ्या आहेत का, काचेवर बघून घ्या, असं मशीनच विचारतंय. मशीनला शंका आली. माणसांना आली नाही." मग माझ्या हनुवटीकडे बघून, "दाढी करताना कापलं ते कधी?"

"आत्ता."

"आणि थांबलं पण. प्लेटलेट्स खरंच इतक्या कमी असत्या तर सहज थांबलं नसतं. हिरड्यांतून रक्त? अंगावर काळेनिळे डाग?"

"नाही बाई. डास चावलेत फक्त."

"बसा. पिशवी खाली ठेवा."

त्यांनी माझं रक्त तीन प्रकारे घेतलं. एक जांभळ्या टोपणाच्या नळीत, नेहमीच्या. एक निळ्या टोपणाच्या, वेगळं औषध असलेल्या. आणि बोट टोचून एक थेंब सरळ काचेवर. मग काचा रंगवल्या आणि बघायला बसल्या. बाकड्यावर तात्या होते, साखर तपासायला आलेले. मी त्यांच्या शेजारी. भिंतीकडे बघत मी मनातल्या मनात आईला आवरत होतो, एचआरच्या मुलीला समजावत होतो आणि देवाला सांगत होतो, की नोकरी गेली तरी चालेल, पण... नाही, नोकरीही राहू दे. आतून काही आवाज नाही. मग बाईंचा आवाज आला, आणि तो अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा होता.

"इंगोले, इकडे या! बघा!"

मी डोळा लावला. नेहमीच्या नळीतल्या रक्ताच्या काचेवर, टोकाकडे, लहान लहान जांभळ्या ठिपक्यांचे ढीगच्या ढीग.

"ह्या तुमच्या प्लेटलेट्स. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं. थोड्या लोकांच्या प्लेटलेट्सना ते मानवत नाही. नळीत पडल्या की एकमेकींना चिकटून बसतात. मशीन एकेक सुटी मोजतं, ढीग दिसला की त्याला तो प्लेटलेट वाटतच नाही. तुमचं रक्त तुमच्यासारखंच आहे, अमरावतीहून आले आणि सहा जण एका खोलीत! आणि मशीन म्हणजे आपले तात्या, गेटवर बसून म्हणतात, दोघंच!"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"म्हंजे," तात्या हळूच म्हणाले, "वर सहा जण हाय व्हय?"

बाई पडद्यातून डोकावल्या. "तात्या, तुमची साखर मोठ्याने सांगू का?"

तात्यांनी सविता ऐकते आहे का म्हणून जिन्याकडे बघितलं. "राहूंद्या. पाणी तेवढं जपून वापरा म्हणावं."

निळ्या टोपणाच्या नळीतल्या प्लेटलेट्स बाईंनी हाताने मोजल्या, दोनदा. दोन लाख वीस हजार. मला रडूच फुटलं. बाई म्हणाल्या, "काचेपासून लांब." संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः सगळं बघून पत्र लिहून दिलं, सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं, "असंही असतं होय," म्हणाले आणि सही केली. पण त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आई येऊन थडकली होती, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. ती पिशवीसकट आधी लॅबमध्येच शिरली. "बाई, माह्या पोराले काही झालं तर नाही ना?"

"काही नाही. थोडा चिकट आहे."

"लहानपणापासून तसाच हाय," आई म्हणाली, आणि निम्मे लाडू तिथेच ठेवून आली. मी तेवढ्यात विचारून घेतलं, "म्हणजे बाई, मी नॉर्मल?"

"चालेल."

पुढे मित्रांची लग्नं झाली, एकेक टॉवेल कमी होत गेला. मी लग्न करून त्याच घरात राहिलो. चौकात लॅबच्या एका मोठ्या साखळीचं कलेक्शन सेंटर आलं, एसी, टोकन, सगळं. बाईंचं बाकडं थोडं रिकामं झालं. पण मशीनने शंका विचारली की त्या सेंटरची मुलगीही मागच्या दाराने काच घेऊन बाईंकडेच यायची.

एका सकाळी मी कॅबसाठी उतरलो तर बाई रंगाच्या बाटल्या मोरीत ओतत होत्या. रंग बदलला होता, पाणी बदललं होतं, काचा नव्या काढल्या होत्या. आठवड्याने त्यांनीच हाक मारली. "आत या," म्हणाल्या. "बघा."

मी बघितलं. "सगळे एकसारखेच दिसतात, बाई."

"तेच तर. शंभरात एकोणऐंशी लिंफोसाइट. असावेत तीसेक. सोसायटीच्या मीटिंगसारखे येऊन बसलेत, काम एकही करत नाही."

"कोणाचं रक्त?"

"प्रमाणाचं."

बाई पेटी पुसत म्हणाल्या, "तीन दिवस रंगाला शिव्या दिल्या. मग पाण्याला. रक्तावर संशय घ्यायला तीन दिवस लागले मला, इंगोले. दुसऱ्या कोणी एवढा वेळ लावला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं." मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण या वयात हळूहळू चालणारा, कदाचित औषधही लागायचं नाही. बाई ते "पाव किलो कोथिंबीर" म्हणावं तसं सांगत होत्या, पण पेटीचं एकच बटण पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मला त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं.

"पण माझी काच आता चालायची नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांना नॉर्मल तर पाहिजे. बोट आणा."

"माझं? बाई, माझ्या प्लेटलेट्स..."

"नळीत चिकटतात. बोटात नाही. आणा."

तेव्हापासून अडीच वर्षं मी रोज सकाळी सातला खाली जाऊन बोट पुढे करत होतो. ज्याला एका कागदाने नोकरीला नालायक ठरवलं होतं, त्याच्या रक्ताशी बिबवेवाडीचं रक्त ताडलं जात होतं. रोज घंटी वाजायची, मी रोज विचारायचो, "काय?" आणि त्या रोज म्हणायच्या, "चालेल."

मग धायरीला घर घेतलं. तिथे गेलो, आणि दोनच महिन्यांत कंपनीने परदेशी पाठवलं. परत आलो तोवर बाई गेल्या होत्या. म्हणून मला बाई आठवतात त्या सामान हलवायच्या सकाळच्याच. टेम्पो भरून उभा होता. मी शेवटचं बोट द्यायला आत गेलो. बाई आणखी वाळल्या होत्या, कोट खांद्यांवरून उतरत होता, पण सुई तशीच नेमकी. पायरीवर सविता वाट बघत बसली होती, हिमोग्लोबिन साडेबाराची. उद्यापासून तिचं बोट.

बाई मोजायला बसल्या. टक, टक, टकटक. मला निरोप घ्यायचा होता, पण शंभर होईपर्यंत बोलायचं नाही. टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो, मग त्यांच्या पाठीला नमस्कार केला आणि बोटावर कापूस दाबून निघालो. टेम्पोत गाद्यांवर बसलो, तेवढ्यात आत घंटी वाजली. खिडकी उघडली. जांभळी बोटं गजांतून बाहेर आली.

"इंगोले! नॉर्मल आहात! जा आता!"

"बघा," तात्या गेटवरून म्हणाले, "आमाला इतकी वर्षं शंका व्हती."

टेम्पो सुरू झाला, आणि मी गाद्यांवर बसून धायरीपर्यंत रडत गेलो.